दम धर

त्या शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं, तर आत मुलं आहेत असं कुणाला वाटलंच नसतं. तमिळ मुलखातल्या आवडी स्टेशनच्या मागच्या अंगाची ती सरकारी प्राथमिक शाळा. पायऱ्यांपासून कडुनिंबापर्यंत चपला पसरलेल्या दिसायच्या, लहान लहान, एकमेकींवर चढलेल्या. चपला आहेत म्हणजे पायही असणार. पण आतून ना पाढे, ना रडणं, ना खिदळणं. पालेभाजी विकणारी म्हातारी टोपली कठड्यावर टेकवून रोज एकच थट्टा करायची, "ही शाळा की देऊळ गं?" पुढे पुढे तिनं ती थट्टा सोडली. फाटकापाशी आली की ती पाय उचलू लागली.

ही शांतता अलकनंदा टीचरनी आणली होती. आणली तेव्हा चांगल्या मनानं आणली होती, हे आधीच सांगायला हवं.

अलकनंदा तंजावरच्या मराठी घरातली. पूर्वज कधी काळी राजांबरोबर दक्षिणेत उतरले ते तिथलेच झाले. घरात जुन्या वळणाची मराठी, दाराबाहेर तमिळ. नवरा माधवराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात कारकून. अलकनंदाचा स्वभाव असा, की देवाला दिलेला शब्द ती नवऱ्याखेरीज कुणाला सांगायची नाही आणि मोडायचीही नाही. एकादशीला निराहार. सोमवारी उठल्यापासून पूजा आटोपेपर्यंत मौन. आणि नोकरीला लागली त्या दिवशी देवासमोर बोलून ठेवलेलं एक व्रत, की छडी हातात धरणार नाही. वीस वर्षांत तिनं एका मुलावर हात उगारला नव्हता.

चाळीस मुलांवर हात न उगारणं काही फार कठीण नसतं. पण कमलिनी टीचर निवृत्त झाल्या. सगळ्यांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर केसरी शिरा खाल्ला, कमलिनी टीचर रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची दुसरी इयत्ता पाट्या घेऊन अलकनंदाच्या पहिलीत येऊन बसली.

"थोडे दिवस सांभाळा टीचर," मुख्याध्यापक नारायणस्वामी म्हणाले. "वरून नव्या नेमणुका बंद आहेत. सगळीकडे खर्च कमी करायचाय."

"किती दिवस, सार?"

"ते वरच्यांना माहीत." मग त्यांनी गळक्या छपराकडे बोट केलं. "म्हणजे हा वरचा नव्हे. हा तरी कधीमधी ऐकतो."

ते दोन हजार तीन साल होतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तिसरीचे अरुण सार दुसऱ्या मोठ्या शाळेत गेले, तेही तात्पुरते. पगार इकडच्या नावावर, काम तिकडे. तिसरीही अलकनंदाकडे आली. आता नारायणस्वामींकडे चौथी-पाचवी आणि कार्यालय, आणि अलकनंदाकडे नव्वद मुलं. वर्गावर्गांमधले लाकडी पडदे काढून भिंतीला लावले, आणि एक लांबलचक खोली झाली. तिच्या एका टोकाला फळा. दुसऱ्या टोकाचं मूल कोणाचं, ते फळ्यापाशी उभं राहून ओळखता येत नसे.

पहिले काही आठवडे तिचा घसा बसला. तिसरीला गुणाकार सांगावा तर पहिली ओरडायची. पहिलीला अक्षर गिरवायला बसवावं तर दुसरीत मारामारी. संध्याकाळी घरी आली की माधवराव तिला गरम पाण्यात मिरपूड घालून द्यायचे आणि म्हणायचे, "छडीचें व्रत सोड गे. देव सुद्धां हातांत कांहीं तरी धरून असतो."

छडी तिनं धरली नाही. तिनं मौन धरायला शिकवलं.

एका सोमवारी सकाळी तिनं सगळ्या मुलांना जवळ बसवून, अगदी हळू आवाजात सांगितलं. देव शाळेत येतो. पण तो फार लाजाळू आहे. आपण बोललो की दारातूनच परत फिरतो. सगळे गप्प बसले, तर आत येऊन प्रत्येकाच्या शेजारी बसतो. एकानं जरी तोंड उघडलं, तरी तो उठतो, सगळ्यांनाच सोडून जातो. मी हात वर केला की मौनम. उजवा तळहात तोंडावर. मी हात खाली घेतला की मौनम सुटलं.

मुलांना खेळ आवडला. ज्या इयत्तेचा धडा चाललाय ती बोलणार, बाकीच्या दोन देवाला घेऊन बसणार. मौन पक्कं व्हावं म्हणून ती मध्येच फसवायची, "आज सुट्टी कुणाला हवी?" किंवा "चला, मौनम सुटलं, बोला आता." हात मात्र वरच असायचा. जो फसला नाही त्याला खडीसाखरेचा खडा. महिन्याभरात कुणीच फसेना. दोन महिन्यांत तर हात खाली आला तरी मुलं क्षणभर तशीच बसून राहायची, न जाणो टीचर फसवत असतील.

नारायणस्वामी दारात येऊन उभे राहायचे. "मी पाचवीला दोन छड्या मोडल्या," ते म्हणायचे. "तुम्ही कुठला मंत्र घालता?" शेजारच्या शाळेतली दोन माणसंही एकदा बघून गेली. अलकनंदाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, अभिमानही वाटला.

एक दिवस तिसरीची गणितं संपवून ती पहिलीच्या ओळीशी आली, तर फरशीवर पाणी. एका मुलाला लघवी आवरली नव्हती. ती वाहत त्याच्या शेजारच्या तिघांच्या चड्ड्यांखालून गेली होती. ओल कितीतरी वेळची होती, कडेनं वाळायला लागलेली. आणि चौघंही ताठ बसली होती, तळहात तोंडावर, डोळे तिच्याकडे. त्या डोळ्यांत लाज नव्हती. खडीसाखरेची वाट होती.

तिनं मुलांना धुतलं, पुसलं, चौघांनाही खडा दिला. त्या रात्री मात्र तिनं ताटातला भात तसाच ठेवला. माधवरावांनी विचारलं तर म्हणाली, "कांहीं नाहीं. थोडी भीति वाटली."

ऊर्मी आली ती जानेवारीत, सहा वर्षांची. तिचे वडील सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातले, धंदा गलाईचा. सोनारांचं जुनं सोनं ॲसिडात घालून, तापवून शुद्ध करून द्यायचं. अशी मराठी माणसं सगळ्या मुलखात पांगलेली. आवडीच्या बाजारात त्यांची एक खोली. पुढे भट्टी, मागे संसार. तो पिवळट धूर ऊर्मीच्या छातीत बसला होता. नाव घालायला आलेली तिची आई, शशिकला, अलकनंदाच्या तोंडून मराठी ऐकून दारातच रडायला लागली.

"बाई, तुम्ही आपल्यातल्या? देवच पावला. हिला तमिळ येत न्हाई. आणि एक बघा, हिला दम हाय. धाप लागली की पाणी द्यायचं, बाहेर वाऱ्यात बसवायचं, पाठ चोळायची. एवढं केलं की बसतंय खाली. तेवढं लक्ष असू द्या."

"ठेवीन गे. काळजी करूं नको," अलकनंदानं सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. ऊर्मीला तिनं पहिल्या ओळीत बसवलं. पण पहिली ओळ म्हणजे पंधरा मुलं, आणि तिच्या मागे आणखी पाच ओळी.

मौनमचा खेळ तमिळमध्ये सांगितलेला, तो ऊर्मीला कळला नव्हता. म्हणून अलकनंदानं तिला तिच्या भाषेत सांगितला. देव येतो, तोंडावर हात ठेवायचा, श्वास सुद्धा ऐकूं येऊं नये. ऊर्मी पहिल्या दिवशी चुळबुळली, काहीतरी सांगू पाहत होती. अलकनंदाचं निम्मं लक्ष दुसरीच्या वजाबाकीत. तिनं लांबूनच हसून, तोंडावर बोट ठेवून म्हटलं, "दम धर, ऊर्मी. दम धर."

ऊर्मीनं मान हलवली. मुलगी मोठी गुणी. पुन्हा कधी चुळबुळली नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, जेवणाच्या आधीचा तास. अलकनंदा मागच्या टोकाला तिसरीला घड्याळ शिकवत होती. पुढची दोन्ही टोळकी मौनात. मधल्या जेवणाची भातवाली सईबाई परात घेऊन पुढच्या दारानं आली आणि परात खाली ठेवून तिथेच उभी राहिली.

"टीचर," ती म्हणाली, "ही पोरगी निळी का दिसते?"

अलकनंदा धावली. ओळींमधून वाट काढता काढता किती मुलांच्या बोटांवर तिचा पाय पडला असेल. एकानंही हूं केलं नाही. ऊर्मी भिंतीला टेकली होती. ओठांभोवती शाईसारखी निळाई, गळ्याची खळगी आत ओढलेली, आणि तळहात तोंडावर घट्ट. तिच्या दोन्ही बाजूंची मुलं तिच्याकडेच बघत होती. केव्हापासून बघत होती कोण जाणे. त्यांचेही तळहात तोंडावर होते.

सरकारी इस्पितळात वाफ दिली, सुई दिली, आणि तासाभरानं ऊर्मीचा रंग परत आला. शशिकला भट्टीवरून तशीच आली होती, पदराला जळका वास. लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, रागावू नका. पण तुम्ही हिला काय सांगितलंय? आताशा घरी पण धाप लागली की तोंड दाबून बसती. इचारलं तर म्हणती, बाईंनी सांगितलंय, दम धर."

अलकनंदाला क्षणभर कळलंच नाही. "अगे, दम धर म्हणजे थांब. धीर धर."

"ते मला कळतंय बाई. पण आमच्याकडं दम खा म्हणत्यात. दम काढ म्हणत्यात. दम हिला एकच माहीत हाय, छातीतला. तुम्ही धर म्हणलात, पोरीनं धरला."

अलकनंदानं तिचा हात हातात घेतला. तीनशे वर्षं जपून आणलेल्या भाषेतला एक साधा शब्द, आणि तो एका लेकराच्या गळ्याशी जाऊन बसला होता.

"आता जवळ बसवते," ती म्हणाली.

"बसवा. पण बघायला तरी कोण पाहिजे ना? तुम्ही एकट्या. कुठंकुठं बघाल?" शशिकलानं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी अलकनंदा पहाटे उठली आणि पूजेच्या आधीच बोलली. माधवराव दाढीचा साबण तसाच ठेवून वळले.

"आज सोमवार गे."

"माहीत आहे. मला तें मौन आतां नको."

"आठवड्यांत एक सकाळ मला शांतता होती, तीही गेली म्हण." मग तिचा चेहरा पाहून ते थट्टा विसरले. "दुसरें कांहीं धरलेंस कीं काय?"

"वर्गांत दुसरें माणूस येईपर्यंत अळणी जेवेन."

माधवरावांनी दाढीचा साबण परत हातात घेतला. "मीठ लवकर मिळो बाई तुला," एवढंच म्हणाले.

वर्गात तिनं खेळ बंद केला. देव आता बोललं तरी जात नाही, तिनं मुलांना सांगितलं. आधी मुलांचा विश्वास बसेना. मग एकानं खोकून पाहिलं, एक हसलं, आणि आठवडाभरात असा गोंगाट सुरू झाला की शेजारच्या गिरणीवाल्यानं येऊन हात जोडले. ऊर्मीला तिनं स्वतःच्या खुर्चीला चिकटून बसवलं. पण खुर्चीवर बसायला मिळतं कुणाला? दोन वेळा ती मागच्या टोकाहून परत आली तर ऊर्मी पांढरी पडलेली, आणि त्या कल्लोळात तिची घरघर शेजारच्यालाही ऐकू आली नव्हती. अलकनंदाला तेव्हा नीट उमगलं. शांततेत जे ऐकू येत नव्हतं, ते गोंगाटातही ऐकू येत नव्हतं. खोट कशाची होती, तर नव्वदांवर डोळ्यांच्या एकाच जोडीची. दुसरं माणूस आलं नाही, तर ही मुलगी या खोलीत कधीतरी जाईल, आणि ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

तेवढ्यात पाहणीचं ठरलं. वरचे एक अधिकारी शाळेला माणूस द्यायचं की नाही ते बघायला येणार होते.

"टीचर, त्या दिवसापुरतं ते मौनम..." नारायणस्वामी चाचरले. "हा बाजार बघून ते माणूस देणार नाहीत. तुमच्या नावावर शेरा मारतील."

"मारूं देत, सार. आहे तसें पाहूं दे त्यांना."

"कागदावर आपण अजून तीन शिक्षक आहोत. अरुण सार धरून. मुलांना शिक्षकांनी भागलं की भागाकार बरोबर येतो."

"म्हणून तर. कागद नको, खोली बघूं दे."

नारायणस्वामींनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. पेन्शनला दोन वर्षं उरली होती, एवढंच.

पाहणीच्या दिवशी सकाळी अलकनंदानं मुलांना काहीच सांगितलं नाही. न शिकवलेलं न पढवलेलं, रोजचं तेच दिसावं. गोंगाट नेहमीसारखा चढला. दुसरीत दोघांची पाटीवरून ओढाताण, पहिलीत कुणीतरी भोकाड पसरलेलं. जीप फाटकाशी थांबली तेव्हा तिला, देव क्षमा करो, त्या रडण्याचा आधार वाटला.

अधिकारी दारात आले. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, सौम्य चेहरा. नारायणस्वामी त्यांच्या मागे.

आणि मुलांनी त्यांना पाहिलं. मोठं माणूस आलंय. टीचरना बघायला आलंय. मागच्या ओळीतल्या एकीनं तळहात तोंडावर ठेवला. मग तिच्या शेजारच्यानं. वाऱ्यानं भातशेत एका बाजूला वाकावं तसे नव्वद हात वर गेले. रडणारं पोर हुंदक्याच्या मध्यावर थांबलं. पाटी ओढणाऱ्यांनी पाटी मांडीवर ठेवली.

बाहेर लोकल गेली, तिची शिट्टी खोलीभर फिरली.

"नको," अलकनंदा म्हणाली. "बोला, मुलांनो. मौनम नाही आज. बोला."

नव्वद जोडी डोळे तिच्याकडे लागले, आनंदानं चकाकत होते. टीचर फसवतायत. आम्ही नाही फसणार. तिनं दोन्ही हात खाली घेऊन दाखवले. कुणी हललं नाही. तिनं समोरच्या मुलाचा हात धरून तोंडावरून काढला. तिनं सोडताच हात परत तोंडावर जाऊन बसला.

"वा," अधिकारी पुटपुटले. मंदिरात बोलावं तसं. "किती मुलं ही?"

"नव्वद, सार," नारायणस्वामी म्हणाले.

"छडी?"

"हात सुद्धा लावत नाहीत, सार."

"सार, हें खरें नव्हे," अलकनंदा म्हणाली. तमिळमध्ये बोलायचं होतं, घाईत मराठी आली. तिनं पुन्हा सांगितलं. "ही शिस्त नाही. मला एकटीला सांभाळत नाही. एक मूल इथे मरता मरता वाचलं, मला कळलं नाही. दुसरं माणूस द्या."

अधिकारी हसले. तिच्या बोलण्यात त्यांना विनय दिसला असावा. "अम्मा, जिथे चाळीस मुलांना दोघं पुरत नाहीत अशा शाळा मी रोज बघतो. माणूस तिकडे द्यायचं की इथे? तुमच्यासारखे असतील तर काय हवं." मग ते नारायणस्वामींकडे वळले. "पलीकडच्या रस्त्यावरची ती छोटी शाळा बंद करायचं चाललंय. तिथली लहान मुलं इथे सामावतील. हा व्हरांडा बंदिस्त करता येईल ना?"

"येईल, सार."

दोघं व्हरांडा बघायला बाहेर गेले. पावलांनी लांबी मोजल्याचा आवाज येत होता.

अलकनंदानं खुर्चीशेजारी पाहिलं. ऊर्मी ताठ बसली होती. गळ्याची खळगी आत जात होती, बाहेर येत होती, आत जात होती. कपाळावर घाम. हात तोंडावर.

"ऊर्मी, श्वास घे. तोंड उघड, बाळ. माझें ऐक."

ऊर्मीनं मान हलवली. नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी ती हसत होती.

अलकनंदानं तिचा हात धरला. एवढ्याशा हातात एवढं बळ कुठून आलं होतं? एक बोट सोडवावं तर दुसरं घट्ट होई. शेवटी तिनं मुलीला तशीच उचलली आणि बाजूच्या दारानं बाहेर नेली, कडुनिंबाखाली, नळापाशी, वाऱ्यात. तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली, हात ओढून काढला. हाताखाली ओठही घट्ट मिटलेले. तिनं अंगठ्यानं ते उघडले. मग कुठे आत हवा गेली, शिट्टीसारखा बारीक आवाज करत. पुन्हा गेली. पुन्हा.

पलीकडे जीप सुरू झाली, वळली, निघून गेली. नारायणस्वामी फाटकाशी हात जोडून उभे होते.

ऊर्मी तिच्या खांद्यावर धापत होती. तिला इतक्यात खाली ठेवणं शक्य नव्हतं. अलकनंदानं शाळेकडे पाहिलं. आत नव्वदातलं एक कमी, बाकी सगळी होती, आणि त्यांच्यापाशी कुणी नव्हतं. काय चाललं असेल आत? कुणी पडलं असेल, कुणाच्या घशात काही अडकलं असेल, कुणाच्या नाकातून रक्त येत असेल. तिनं कान दिला.

खोलीतून काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.